दामूचा दम

संपादकांनी मला साऊंडच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. दिवाळीचा अंक, लोक चिवडा खाता खाता वाचणार, म्हणून आधी गमतीचंच सांगतो. पुढचं वाचायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

माझ्या मिक्सरवर एक बटण असं होतं की त्याला आतून काहीच जोडलेलं नव्हतं. प्रत्येक लग्नात एक मामा असतो. तो साऊंडजवळ येतो, डोळे बारीक करून ऐकतो आणि म्हणतो, "बेस कमी पडतोय." मी गंभीर चेहरा करून ते बटण जरासं फिरवायचो. "आता?" मामा मान डोलवायचा. "हां, आत्ता कसं." एका मामानं तर परत येऊन सांगितलं, "आता जरा जास्तच झाला, लोकांच्या छातीत धडधडतंय." मी कमी केला. तो मामा जेवणाच्या पंगतीत सांगत होता म्हणे, की साऊंडवाला ऐकून घेणारा आहे.

पिंपळगावकडच्या एका लग्नात एक आजोबा खुर्ची घेऊन आमच्या स्पीकरला खेटून बसले. ठार बहिरे. कार्यक्रमभर तळवा स्पीकरच्या लाकडावर ठेवून बसले होते. आम्ही सामान आवरायला लागलो तेव्हा मला म्हणाले, "तुमचा ढोलकीवाला घाई करतो." खरंच करायचा.

अशा गोष्टी मी खूप सांगू शकतो. पंचवटीतल्या माझ्या दुकानात बसून वर्षानुवर्षं सांगतच आलो. एक मात्र सांगितली नाही. त्या न सांगण्यालाही लोक माझा स्वभाव समजत आले. अरुण स्वतःबद्दल मुळातच कमी बोलतो, म्हणतात.

मी बेंजो पार्टीचा साऊंडवाला होतो. आमच्याकडचा बेंजो म्हणजे एक लाकडी पेटी, तिच्यावर लोखंडी तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. पेटीतून एक वायर अ‍ॅम्प्लिफायरला जाते आणि आवाज स्पीकरमधून गावभर होतो. सोबत ढोलकी, ताशा, खुळखुळे. गाणारा कुणी नसतो. बेंजोच गातो. नव्वदच्या दशकात नाशिक जिल्ह्यात हळद, वरात, जत्रा, मिरवणूक यातलं काहीही बेंजोशिवाय होत नव्हतं.

आमच्या पार्टीचं नाव इथं लिहीत नाही. ऐकणारे आम्हाला 'दामूची पार्टी' म्हणायचे, तेवढं पुरे.

दामू हरसूलजवळच्या एका पाड्यावरचा. बाप पावरी वाजवायचा. पावरी म्हणजे डोंगरातल्या लोकांचं भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य. दामू द्राक्षाच्या बागेत कामाला म्हणून नाशिकला आला आणि कुणाचा तरी मोडका बेंजो दुरुस्त करता करता वाजवायला लागला. इतर पार्ट्या सिनेमाची गाणी जशीच्या तशी वाजवायच्या. दामूही वाजवायचा, पण मध्येच त्या गाण्याचा हात सोडून बापाच्या पावरीच्या चालीवर जायचा. ही चाल हळूहळू वर चढायची, वळणं घ्यायची, आता संपली असं वाटतंय तोच आणखी एक चढ. लोकांनी तिला 'घाट' नाव दिलं. घाट दोनदा सारखा कधी झाला नाही. कधी पंगत उठायच्या आत संपायचा, कधी वरात देवळापासून मांडवापर्यंत पोचली तरी दामू अजून चढतच असायचा.

म्हणून आमचे ऐकणारे वेगळे होते. ते गाण्यांची नावं घेत नसत, गावांची घेत. रविवारी दुपारी माझ्या दुकानात चार-पाचजण जमायचे. पिशव्यांमधून कॅसेट निघायच्या.

"ओझरचा घाट लाव."

"ओझरचा नको, त्यात मध्ये नवरीचा बाप माइकवर बोलतो. विंचूरचा लाव."

"अरे, तो बाप बोलतो म्हणून तर ऐकायचा. त्याचं बोलणं संपायच्या आत दामूनं त्याचाच सूर धरलाय बघ."

लासलगावचा बबन बाजार समितीत कांद्याच्या गाड्या भरायचा. दामू कुठंही वाजवणार असला की ट्रकवाल्यांच्या ओळखीनं तिथं पोचायचा. बोलावणं नसलेल्या शेकडो लग्नांत जेवलेला माणूस. येवल्याचे निवृत्तीशेठ पैठणी विणायचे. शेठ नुसतं म्हणायला, स्वतःच मागावर बसायचे आणि मागाशेजारी टेप ठेवायचे. ते सांगायचे, "माझ्या एका पदरात मोराच्या मानेला बारीकशी गाठ आहे. गिऱ्हाइकाला दिसली नाही. ती चांदवडच्या दमाची गाठ. पाय थांबला ना माझा."

हा दम काय होता ते आता सांगायला हवं. तिथूनच माझी गोष्ट सुरू होते.

त्या कॅसेट मी करायचो. गर्दीत टेप धरून केलेल्या कॅसेटमध्ये कार्टी रडतात, कुत्री भुंकतात. मी मिक्सरमधून सरळ रेकॉर्डिंगच्या डेकवर घ्यायचो. पण डेक जोडला की मागं एक घूं आवाज येत राहायचा. दोन यंत्रांची अर्थिंग एकमेकांत मिसळली की असं होतं. अर्थिंग म्हणजे तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन, जमिनीची. यंत्रात कुठं बिघाड होऊन वीज बाहेरच्या पत्र्यावर आली, तर ती त्या वायरीतून गुपचूप जमिनीत जाते. करंटला जमिनीत जायचंच असतं. तुम्ही वाट दिलीत तर त्या वाटेनं जातो, नाही दिलीत तर स्वतः शोधतो.

घूं आवाज घालवायचा आमच्या धंद्यातला सोपा उपाय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची वायर काढून ठेवायची. सगळे करायचे. मी पण केलं. आवाज असा नितळ झाला की निवृत्तीशेठ पहिल्यांदा ऐकून म्हणाले, "अरुण, नखी तारेवरून सुटताना ऐकू येते रे." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस तरंगत होतो. जिल्ह्यात माझ्यासारखी कॅसेट कुणाची नाही, असं लोक म्हणायला लागले. वायर काढलेलीच राहिली.

चांदवडच्या बाजूला एका हळदीत दामू घाट वाजवत होता. चाल टोकाला पोचली आणि त्यानं झटक्यात उजवा हात वर उचलला. तारा गप्प. ढोलकीवाला बाळू गोंधळून थांबला. सगळा मांडव हळदीचे हात तसेच धरून उभा. मग दामूचा हात खाली आला, बरोबर समेवर. लोकांनी अशा शिट्ट्या मारल्या की नवरदेवाची आईसुद्धा नाचली.

सामान भरताना दामू माझ्याजवळ आला. "अरुण, हाताला मुंग्या आल्या रे. काहीतरी चावल्यासारखं झालं."

मला त्याच क्षणी कळलं. बेंजोच्या तारा पेटीतून निघणाऱ्या वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, पत्र्यावर वीज आली की ती तारांवरही येते. आणि दामू अनवाणी वाजवायचा. सगळेच बेंजोवाले तसे. वाद्य म्हणजे सरस्वती, तिच्यापुढं चपला घालून कोण उभा राहील? आम्ही ट्रॉलीच्या लाकडी फळीवर असायचो म्हणून आजवर निभावलं होतं. त्या दिवशी फळीवर कुणाचं तरी सरबत सांडलं होतं.

मी म्हणालो, "हवा दमट आहे. तारा ओल्या झाल्या असतील."

"तारा ओल्या झाल्या की मुंग्या येतात?"

"येतात कधीकधी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "तू म्हणतोस तर येत असतील. साऊंडवाला तू."

वायर परत जोडायला एक स्क्रू पिळायचा होता. टेस्टर नेहमी माझ्या शर्टाच्या खिशात असायचा. पण जोडली असती तर घूं आवाज परत आला असता. आणि तो का गेला होता, हे दामूला सांगावं लागलं असतं.

पुढच्या कार्यक्रमापासून लोक ओरडायला लागले, "दम दे दामू." त्या थांबण्याला 'दामूचा दम' हे नाव कुणी दिलं माहीत नाही, बबन म्हणतो त्यानं दिलं. दामू मला म्हणाला, "आता मुंग्यांची वाट कशाला बघू? मीच उचलतो हात." आणि तो मुद्दाम दम घ्यायला लागला. हात हवेत, मांडव स्तब्ध, आणि ताल सुटू नये म्हणून डाव्या पायाची टाच हळूहळू आपटत राहायची. हे कुणाला दिसत नसे, मला बाजूनं दिसायचं. मधूनच कधी मुंग्या येऊनही हात उचलला जायचा. तेव्हा टाच हलायची नाही आणि बोटं आखडलेली असायची. म्हणजे खरा दम कुठला आणि करंटचा कुठला, हे ओळखणारा जगात मी एकटाच होतो. इतर पार्ट्यांचे बेंजोवालेही तसा हात उचलायला लागले. दामू चेष्टेनं म्हणायचा, "लोक माझ्या मुंग्या चोरायला लागले."

मी हसायचो.

तो दिवस वैशाखातला होता. भर दुपारचं लग्न, गावाचं नाव लिहीत नाही, लग्नघराचा यात काही दोष नाही. वरात मांडवात शिरल्यावर मुलीच्या काकांनी आग्रह धरला, पार्टी ट्रॉलीवरून खाली उतरू दे, बायकांना जवळून बघायचंय. आम्ही जमिनीवर उतरलो. धूळ बसावी म्हणून सकाळीच टँकरनं मांडवापुढं पाणी मारलं होतं. माती वरून वाळली होती, पायाखाली ओल होती. दामूनं चपला काढून ट्रॉलीच्या चाकाजवळ ठेवल्या.

मी माझ्या टेबलाशी, कानाला हेडफोन, डेक चालू. बबननं आपला लहान टेपही माझ्याच टेबलावर ठेवला होता. "लोकांचा आवाज पण पाहिजे मला," असं त्याचं नेहमीचं.

दामूनं घाट धरला. इतका सुंदर घाट मी त्याच्याकडून ऐकला नव्हता, हे तो गेला म्हणून चांगलं बोलायचं, असं लिहीत नाही. तो गर्दीकडे पाठ करून बाळूकडे तोंड करून उभा होता, दोघांची आपसात जुगलबंदी चालली होती. चाल टोकाला गेली आणि आवाज थांबला.

गर्दीत शिट्ट्या सुरू झाल्या. "दम, दामू, दम."

लोकांना पाठ दिसत होती. मला तो बाजूनं दिसत होता. त्याचा उजवा हात हवेत नव्हता. तळवा तारांवरच होता, घट्ट. टाच हलत नव्हती. हे मी पाहिलं. नंतर आठवून जोडलेलं नाही, तेव्हाच पाहिलं. बाळूनं पाहिलं की नाही माहीत नाही, पण तो ढोलकी खाली ठेवून उठायच्या बेतात होता.

मी त्याला म्हणालो, "थांब, येईल आता."

का म्हणालो हे मला लोक विचारतील म्हणून सांगतो. हेडफोनमध्ये ती शांतता इतकी नितळ होती. ढोलकी जमिनीला टेकल्याचा आवाज मला त्या कॅसेटवर नको होता.

मग दामू एका अंगावर कलंडला.

"पाणी आणा, कांदा फोडा," असा गलका झाला. ऊन लागलं, चक्कर आली, असं म्हणत लोकांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं. सगळं लग्न जीपकडे धावलं. मी टेबलाजवळच राहिलो. टेस्टर काढून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला टेकवला. आतला दिवा लाल पेटला. मी बटण बंद केलं, प्लग काढला, उघडला आणि अर्थिंगची वायर जागेवर जोडली. स्क्रू नीट पिळला. 

दवाखान्यात सगळ्यांनी सांगितलं, उन्हाचा वाजवत होता, कोसळला. मीही तेच सांगितलं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते कशानं बंद पडलं ते त्यांना सांगणारा कुणी नव्हता. दामूच्या तळव्यावर एक काळपट डाग होता. नखीचा घट्टा म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. माझी कॅसेट मी दुकानामागच्या गटारात टाकली.

इथवर निष्काळजीपणा म्हणता येईल. मी स्वतःला बरीच वर्षं तेवढंच म्हणत होतो. पुढचं निष्काळजीपणात बसत नाही.

दामूची बायको, सुमनवहिनी, पाड्यावरच राहायची. मुलगी मंगल आश्रमशाळेत शिकायची आणि पळायची. डोंगरातली मुलं पळतात त्यात नवल नाही, पण ही वेगळी होती. दामू सांगायचा, "मी ST नं हरसूलला उतरून घरी चालायला लागतो. पोरगी समोरून पळत येते, पिशवी घेते आणि परत पळत जाते. मी पोचेस्तोवर चहा तयार."

दामू गेल्यावर वर्षाच्या आत मी त्यांच्याकडे गेलो होतो. थोडं धान्य, मंगलला कपडे घेऊन. मन राखायला जायचो, दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच. त्या दिवशी शाळेतले सर आले होते. मंगलला नाशिकला सरावासाठी पाठवा, राहायची सोय होते, मुलगी फार पुढं जाईल, असं ते समजावत होते. मंगल दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

सुमनवहिनी म्हणाली, "नाय सर. हिच्या बापाचं हृदय कच्चं निघालं. उभ्या उभ्या गेला. बापाचं तेच पोरीचं. पळवून मारू का तिला?"

सरांनी सगळं सांगून पाहिलं, तपासणी करू म्हणाले. वहिनी मान हलवत राहिली. शेवटी सर माझ्याकडे वळले. "तुम्ही शहरातले, दामूचे जवळचे. तुम्ही सांगा यांना."

वहिनीही माझ्याकडे बघायला लागली. "भावजी, तुम्ही म्हणाल तसं करू."

मंगलही बघत होती.

मला एवढंच म्हणायचं होतं, की दामूचं हृदय चांगलं होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

मी म्हणालो, "जोखीम कशाला घ्यायची, सर."

सर उठून गेले. मंगल चौकटीपासून बाजूला झाली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. दहावीनंतर तिचं लग्न झालं.

मग धंदा बदलला. डीजे आले, ट्रकभर स्पीकर आले, बेंजो पार्ट्या एकेक करून मोडल्या. बाळू एका कारखान्यात लागला. मी दुकानात टेप आणि मिक्सर दुरुस्त करत बसलो. रविवारची बैठक मात्र वाढत गेली. दामू असताना चार-पाचजण यायचे, तो गेल्यावर त्याच्या तिथीला दुकानाबाहेर सतरंजी टाकावी लागायची. कुणी कॅसेटची सीडी करून आणायचा, कुणी मोबाईलमध्ये घाट भरून घ्यायचा. प्रत्येकानं आपला आवडता घाट लावायचा आणि त्याची आठवण सांगायची, अशी पद्धत पडली. एकानं सांगितलं, विंचूरच्या घाटाच्या वेळी हिला पहिल्यांदा बघितलं आणि हिच्याशीच लग्न केलं. शेजारी बसलेली ही म्हणाली, "मला नव्हता बघत, जिलेबी बघत होता." असं हसत-खेळत चालायचं.

शेवटी बबन आपली कॅसेट काढायचा. शेवटच्या घाटाची. रुमालात गुंडाळलेली.

तिच्यात सगळं आहे. मांडवाची गडबड, चढत जाणारी चाल, मग ती शांतता. शिट्ट्या. "दम, दामू, दम." आणि माझ्या टेबलावर टेप असल्यामुळे त्या शांततेत अगदी जवळून माझा आवाज येतो. थांब, येईल आता.

लोकांना ते वाक्य फार आवडायचं. दामूवर काय विश्वास होता अरुणभाऊंचा, म्हणायचे. ते आमच्या लोकांत म्हणीसारखं रुळलं. वीज गेली, पाऊस लांबला, कुणाच्या मुलाला नोकरी मिळेना, की कुणीतरी म्हणायचा, "थांब, येईल आता," आणि बाकीचे हसायचे. मीही हसायचो.

गेल्या तिथीला कॅसेट संपल्यावर निवृत्तीशेठ डोळे मिटून बसले होते. आता म्हातारे झाले आहेत, हात थरथरतो, माग बंद आहे. म्हणाले, "सगळ्यात मोठा दम. त्यानं ओळखलं होतं बघ जायची वेळ झाली. म्हणून हात खाली आणला नाही."

बबन म्हणाला, "असं मरण मागून मिळत नाही शेठ."

मी म्हणालो, "हात वर नव्हताच."

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो. मग सगळं सांगितलं. वायर, मुंग्या, ओली जमीन, टेस्टर. मी बोलत होतो तेव्हा टेपची रिकामी फीत फिरत होती.

बबननं कॅसेट काढली आणि रुमालात गुंडाळली. त्याची बोटं नेहमी गाठ मारायची, या वेळी मारली नाही. "इतकी वर्षं आम्ही काय ऐकत होतो मग?" एवढंच म्हणाला. निवृत्तीशेठ उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतात. त्या दिवशी त्यांनी भिंतीचा घेतला. जाताना म्हणाले, "बायकोला सांगितलंस का त्याच्या?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी हरसूलला गेलो. सुमनवहिनी बाजारात नागली आणि वरई विकायला बसते हे माहीत होतं. पोतं अंथरून, पुढं दोन ढीग, हातात तराजू. चपला बाजूला काढलेल्या, पाय मातीत. मंगल तिच्या मागं बसून मापं पुसत होती. तिचं पोर आजीच्या पदराशी खेळत होतं.

"भावजी? अचानक?" वहिनीनं पोत्याचा कोपरा झाडून मला जागा केली. "बसा. चहा सांगू का?"

मी बसलो. वाटेत बसमध्ये बरीच जुळवाजुळव केली होती, त्यातलं काही आठवलं नाही. म्हणालो, "वहिनी, दामूचं हृदय चांगलं होतं."

ती गिऱ्हाइकाला वरई घालत होती. घालून झाली. पिशवीचं तोंड बांधून दिली. मग म्हणाली, "काय म्हणता?"

मी सांगितलं. रविवारच्या लोकांना सांगितलं त्याहून कमी शब्दांत. वायर मी काढली होती, मला माहीत होतं, नंतर मी जोडली. करंटनं गेला.

ती रडेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती.  तिच्या हातातला तराजू एका बाजूला झुकला होता, तो तिनं तसाच धरून ठेवला. मग मागं न बघता म्हणाली, "मंगल. ऐकलं का?"

"ऐकलं," मंगल म्हणाली.

 एक गिऱ्हाईक आलं, भाव विचारला, उत्तर मिळालं नाही म्हणून पुढं गेलं. मग वहिनी म्हणाली, स्वतःशीच बोलावं तसं, "मग सर म्हणत होते ते खरं होतं. मी तिला पळू दिली नाय."

"वहिनी, मी म्हणालो होतो जोखीम नको म्हणून. तुमचं काही..."

"मी तिची पळायची चड्डी चुलीत घातली होती," ती म्हणाली. "तिच्यासमोर."

मंगल उठली. पोराला कडेवर घेतलं, मला म्हणाली, "चला, तुम्हाला स्टँडवर सोडते."

 स्टँडवर निंबाच्या झाडाखाली थांबली. मी म्हणालो, "मंगल, तुझं फार नुकसान..."

"माझं राहू द्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझं झालं ते झालं. तुम्ही हे मला एकटीला सांगायचं होतं. आईला नाही."

"ती त्याची बायको आहे, मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं. काका, आजवर ती म्हणायची, मी माझी पोरगी वाचवली. तेवढंच होतं तिच्याकडे. आता काय राहिलं? आता ती झोपणार नाही. तुम्ही जाल नाशिकला. हे घरी घेऊन मी जाणार."

मी खिशात हात घातला होता, बहुतेक रुमालासाठी. हाताला टेस्टर लागला. अजूनही तो खिशातच असतो, सवय.

त्र्यंबकची गाडी कधी आहे, असं मी विचारलं. 

मंगलनं रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. "इथंच थांबा. येईल आता."

तिनं हे साधं म्हटलं. तिनं ती कॅसेट कधी ऐकलेली नाही.

मग तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बाजाराकडे वळली. आई एकटी बसली होती, तिला जायची घाई होती हे पाठमोरीसुद्धा दिसत होतं. तरी ती चालतच गेली.